फिरोजा मॅडमची उमेदवारी

औषधाचं दुकान चालवणारा माणूस आजारी पडला की औषध कुठून आणतो? त्याच्याच दुकानातून, असं तुम्ही म्हणाल. म्हणजे तुम्ही कधी औषधाचं दुकान चालवलेलं नाही. अहो, स्वतःच्या दुकानात गल्ल्यावर बायको बसलेली असते, डबे काढून द्यायला बायकोचाच भाऊ असतो, आणि समोरच्या बाकावर निवृत्त मास्तर पेपर घेऊन ठाण मांडून असतात. त्या तिघांच्या देखत मूळव्याधीचं मलम खिशात घालण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून टाकलेलं काय वाईट? म्हणून रेवसपासून काशीदपर्यंत किनाऱ्याला जेवढे म्हणून औषधवाले होते, ते सगळे स्वतःच्या दुखण्यासाठी फिरोजा हसवारेच्या दुकानात यायचे.

दुकान काशीदच्या जरा अलीकडे, वळणावर. वडील करमअली कुवेतची नोकरी सोडून आले तेव्हा त्यांनी ते काढलं आणि लेकीला फार्मसी शिकवून तिच्या हवाली केलं. फिरोजा आता सत्तेचाळीस वर्षांची. डोक्यावर ओढणी, नाकावर चष्मा आणि तोंडाला कुलूप. औषधवाला यायचा तो, "इकडे पाहुण्यांकडे आलो होतो," असं कोणी न विचारताच सांगत यायचा. चार घड्या घातलेली चिठ्ठी काउंटरवर ठेवायचा. फिरोजा ती वाचायची, चकार शब्द बोलायची नाही, खाकी पिशवीत औषध घालून पुढे सरकवायची.

तेवढ्यात दुसरा औषधवाला दारात उगवला, तर पहिला घाईघाईने टूथपेस्ट मागायचा. मग दुसराही टूथपेस्टच मागायचा. ज्यांच्या स्वतःच्या दुकानात टूथपेस्टचे खोके पडलेत, ते दोन बाप्ये एकमेकांकडे न बघता टूथपेस्ट हातात धरून उभे! फिरोजाला हसू यायचं, पण ती ते ओढणीत दाबायची.

अशा या बाईला फार्मासिस्ट संघटनेच्या अध्यक्षपदाला उभं राहावंसं वाटलं. हौस म्हणून नव्हे. तिच्या डोक्यात एक फ्रिज होता.

मागे मोठं वादळ झालं, तेव्हा किनाऱ्याची वीज गेली ती सोळा दिवस आली नाही. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, नाहीतर त्याचा जीव जातो. फिरोजाकडे तेव्हा तीसेक जणांचं इन्सुलिन होतं. तिने ते कागदात गुंडाळून मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत ठेवलं आणि बंदरावरून बर्फ आणला. बर्फ नुसता टेकला तरी इन्सुलिन गोठून बाद होतं, म्हणून मध्ये पेंढा घातला. सहा दिवस असं निभावलं. सातव्या दिवशी बंदरावरचाही बर्फ संपला आणि इन्सुलिन उकाड्याने बाद झालं. सोनाबाई नावाच्या म्हाताऱ्या कोळणीची साखर भडकली, पायाची जखम चिघळली आणि तिला टेंपोत घालून अलिबागला न्यावं लागलं. जीव वाचला, पण पायाची दोन बोटं गेली.

"दोन गेली तं गेली, बाय, आठ हायत न्हाय का अजून?" असं सोनाबाई परत आल्यावर म्हणाली. फिरोजा हसली नाही. मागच्या खोलीत जाऊन रडली. आपण दिलेल्या औषधाने माणसाची बोटं जावीत याची तिला लाज वाटली, आणि राग आला.

तेव्हापासून ती दर वर्षी सभेत तेच सांगायची. संघटनेच्या शिलकीतून औषधांचा एक मोठा फ्रिज घ्या, सूर्याच्या बॅटरीवर चालणारा. तो चौलला मध्यावर ठेवा. वादळाची खबर आली की सगळ्यांनी आपापलं इन्सुलिन आणि लसी तिथे आणून ठेवायच्या. एवढंच. आणि दर वर्षी अध्यक्ष बाळाजी मोकल मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, "चांगली सूचना आहे. पुढच्या सभेत घेऊ." की लगेच सगळे जेवायला उठायचे. पाच वर्षं हेच चाललं होतं. शिलकीतून महाबळेश्वरची सहल मात्र दर वर्षी न चुकता निघायची.

मोकलशेठचं दुकान रेवसला, जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. माणूस उंचापुरा, आवाज असा की भाषणाला उभा राहिला की मागच्या रांगेतला झोपलेला जागा व्हायचा. त्यांना हलवायचं कसं? तो रस्ता इनशाने दाखवला. इनशा म्हणजे फिरोजाच्या भावाची मुलगी, चोवीस वर्षांची, स्वतःही फार्मासिस्ट, आत्याच्याच दुकानात उभी राहणारी. तिने एका दुपारी संघटनेच्या घटनेचं पुस्तक वाचायला काढलं. ते आजवर कोणीच वाचलं नव्हतं.

"फुफी, अध्यक्षाची मुदत किती असते?"

"असेल पाच-दहा वर्षं."

"तीन. आणि मोकलकाका निवडून आले त्याला झाली बारा."

घ्या! पाकिटावरची तारीख एका दिवसाने उलटली तरी जे लोक ते फळीवरून खाली काढतात, ते नऊ वर्षं मुदत संपलेला अध्यक्ष वापरत होते. फिरोजाने त्याच दिवशी पत्र लिहिलं. मोकलशेठना निवडणूक जाहीर करावी लागली, आणि दोनच अर्ज आले, एक त्यांचा आणि एक फिरोजाचा.

मतदार एक्केचाळीस, दुकानामागे एक. फिरोजा इनशाच्या स्कूटरवर मागे बसून प्रचाराला निघाली.

पहिलं दुकान नागावचं, सदा भगतचं. गल्ल्यावर त्याची बायको बसली होती, सदा चष्मा पुसत उभा होता. आता फिरोजाला एक सवय होती. ज्याला औषध दिलं, तो माणूस पुन्हा कुठेही भेटला, बाजारात भेटो, लग्नात भेटो, तिच्या तोंडून पहिलं वाक्य तेच निघायचं. तसंच निघालं.

"काय सदाभाऊ, आता कसं वाटतंय?"

सदाच्या हातून चष्मा पडला. बायकोने मान वर केली.

"कशाचं विचारतायत हो या?"

"निवडणुकीचं!" सदा ओरडलाच. "मस्त वाटतंय मॅडम! मत तुम्हालाच! हे काय सांगायला पाहिजे? या तुम्ही, पुढची दुकानं करायची असतील."

"अहो, पण फ्रिजचं अजून सांगितलंच नाही मी."

"फ्रिज पाहिजेच! कोण नको म्हणतंय?" सदा काउंटरबाहेर येऊन तिला जवळजवळ ढकलतच दारापर्यंत घेऊन गेला. सरबताचंही विचारलं नाही त्याने.

दुसरं दुकान रेवदंड्याचं, पियूषभाईंचं. तिथे त्यांचे वडील, सासरे आणि दोन काका अशी अख्खी पेढी बसलेली. फिरोजाने आत पाऊल टाकलं. "काय पियूषभाई, झोप लागते ना आता?"

"लागते, लागते! मत तुमचंच, बेन! अख्ख्या घराचं मत तुमचं!"

"घराला कुठे मत असतं?"

"नसलं तरी तुमचंच!"

असंच चालू राहिलं.  तिने तोंड उघडलं की औषधवाला मत कबूल करून मोकळा व्हायचा. एकाने तर ती स्कूटरवरून उतरायच्या आधीच रस्त्यात येऊन दोन्ही हात जोडले. दोन दिवसांत पंचवीस जणांनी शब्द दिला. फिरोजाला गहिवरून आलं. या अल्ला, किती चांगली माणसं ही! आपण उगाच यांच्याबद्दल मनात अढी धरली.

"फुफी, त्यांची तंतरलीय," इनशा म्हणाली.

"माझ्यामुळे? मी काय केलं?"

"तू त्यांच्या बायकांसमोर त्यांना विचारतेस, आता कसं वाटतंय म्हणून."

"मग माणसाला विचारायचंही नाही?"

"काय झालं होतं म्हणून विचारतायत, असं बायकोने घरी गेल्यावर विचारलं तर?"

 पंचवीस वर्षांत फिरोजाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. तौबा, म्हणजे हे सगळे शब्द भीतीपोटी? छे. भीती असेल थोडी, पण फ्रिज कोणाला नको असणार? तिने मनाची समजूत घातली. उरलेल्या दुकानांत मात्र ती नुसता नमस्कार करून उभी राहिली. तर ते लोक आणखीच घाबरले, आणि शब्द देणाऱ्यांची संख्या अडतीसवर गेली.

आता मोकलशेठचंही ऐकून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यांचं गुपित किनाऱ्यावर एकट्या फिरोजाला माहीत होतं. हा वाघ भाषणाला उभं राहायच्या विचारानेच लटपटायचा. छाती धडधडायची, हात कापायचे, जीभ टाळ्याला चिकटायची. लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून त्यांनी मुंबईच्या डॉक्टरला गाठलं होतं. त्याने गोळी लिहून दिली होती, भाषणाआधी अर्धी घ्यायची. गोळ्या त्यांच्या स्वतःच्या फळीवरही होत्या, पण तिथे मेहुणा कान्हा बसायचा. कान्हाच्या स्टॉकमधून अर्धी गोळी हलली तरी तो वाड्यावस्त्यांना विचारत फिरला असता. म्हणून सभेच्या आधीच्या आठवड्यात मोकलशेठ काशीदला यायचे आणि खाकी पिशवी घेऊन जायचे. या वर्षी आले नाहीत. जिच्याविरुद्ध उभे, तिच्या दारात कसे जाणार? मुंबईला जावं, तर दर्या खवळलेला आणि लाँच बंद.

सभा चौलच्या मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी. मंचावर दोन खुर्च्या, एकीवर फिरोजा, दुसरीवर मोकलशेठ. फिरोजाने सहज शेजारी बघितलं. मोकलशेठच्या हातातला भाषणाचा कागद असा थरथरत होता की त्याचा आवाज येत होता. कपाळावरून घाम मिशीत उतरत होता.

"मॅडम," ते ओठ न हलवता म्हणाले, "आज जमायचा न्हाय मना. मी उठून जातो."

जाऊ द्यायचं होतं की! जाहीर भाषण न करता उमेदवार उठून गेला, तर निवडणूक तिथेच संपली असती. फ्रिज आलाच असता. तुम्ही-मी असतो तर दुसरीकडे बघत बसलो असतो. फिरोजाने पर्स उघडली. पिशवी तिने चार दिवसांपूर्वीच बांधून ठेवली होती. सभा आली, गिऱ्हाईक आलं नाही, म्हणजे औषध पोचवायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात. निवडणूक वेगळी, गोळी वेगळी.

"नाश्ता झालाय?" तिने विचारलं.

"दोन घास."

तिने रुमालाखाली गोळी मोडली, अर्धी त्यांच्या हातावर ठेवली आणि पाण्याची बाटली पुढे केली. मोकलशेठनी खोकल्याचं सोंग करून ती गिळली.

"लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो ना हो?" ते पुटपुटले. "पहिलं भाषण माझंच आहे."

आता काय करायचं? फिरोजा उठली आणि माइककडे गेली. "अध्यक्षांची परवानगी असेल तर मी आधी बोलते," ती म्हणाली.

बोलणं हा काही तिचा प्रांत नव्हे. तिचं भाषण चार मिनिटांचं होतं, आणि ते चांगलं होतं. सोनाबाईची हकिगत ऐकताना सभेत टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. तिथेच ती खाली बसली असती तर काम झालं होतं. पण तिने मागे वळून बघितलं, तर कागद अजून थरथरतच होता. मग तिने फ्रिजची लांबी-रुंदी सांगितली. मग दाराला रबर कसलं असावं ते सांगितलं. मग तापमापकाचं बटन उजवीकडे असावं की डावीकडे, यावर दोन्ही बाजूंनी बोलली. विसाव्या मिनिटाला पियूषभाईंनी जांभई दिली. तिसाव्या मिनिटाला मागची रांग चहाच्या नावाखाली उठून गेली. इनशा समोरून मान हलवत होती, गळ्यावरून बोट फिरवत होती, बस कर, बस कर! फिरोजा फ्रिजचा रंग कोणता असावा यावर आली होती. शेवटी चाळिसाव्या मिनिटाला तिने वळून बघितलं, तेव्हा मोकलशेठ पाय ताणून, हात पोटावर बांधून निवांत बसले होते. ती घशाला कोरड पडून खाली बसली.

आणि मग मोकलशेठ उठले. काय ते भाषण! बारा वर्षांत असं झालं नव्हतं. ऑनलाइन औषधवाल्यांना त्यांनी समुद्रात बुडवलं, सरकारला जाब विचारला, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची आठवण काढून लोकांना हसवलं. टाळ्यांनी कार्यालय दणाणलं.

"फुफी, तू त्याला काय दिलंस?" इनशाने दात ओठ खात विचारलं.

"कोणाला? मी काही दिलं नाही," फिरोजा म्हणाली. भाचीलाही नाही सांगितलं, म्हणजे बघा.

सलाइनच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या पडल्या. दुपारी निकाल लागला. बाळाजी मोकल एकोणचाळीस, फिरोजा हसवारे दोन.

दोन!  अडतीस जणांनी शब्द दिला होता. त्यातला एकेक जण तिची नजर चुकवून जेवणाच्या रांगेकडे निघाला होता. एक मत तिचं स्वतःचं. दुसरं कोणाचं, ते तिला कळतच होतं. मतदारांत आणखी एकच बाई होती, आक्षीची कल्पिता. ताई-ताई करत मागे असायची. फिरोजाने जाऊन तिला मिठी मारली. "तू एकटी तरी राहिलीस गं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. कल्पिता मान खाली घालून जेवणाच्या रांगेकडे गेली.

मंगळवारी कल्पिता दुकानात आली. तोंड उतरलेलं.

"ताई, मला झोप नाही दोन दिवस. ते मत माझं नव्हतं."

फिरोजाने हातातली कात्री खाली ठेवली.

"रागावू नका. मला वाटलं, बाकीचे सगळे देतायत तुम्हाला, माझ्या एकीने काय फरक पडतो? तुम्ही अध्यक्ष झालात की आज अलिबागला मीटिंग, उद्या मुंबईला मीटिंग. मग इथे कोण? इनशा. ताई, माझी धाकटी बहीण आणि इनशा एका वर्गात होत्या हो! माझी चिठ्ठी मी तिच्या हातात कशी देऊ?"

"म्हणजे सगळ्यांनी..."

"सगळ्यांनी हाच विचार केला. सदाभाऊ काल स्वतः मला म्हणाले. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही, ताई. विश्वास आहे म्हणूनच."

कल्पिता गेल्यावर फिरोजाचा जो पारा चढला, तसा तो इनशाने जन्मात बघितला नव्हता. "विश्वास! अगं, एकेकाची गुपितं पोटात घेऊन मी पंचवीस वर्षं इथे उभी आहे. त्याचं बक्षीस काय, तर तू तिथेच उभी राहा! त्या म्हातारीची बोटं गेली ती गेली, यांची चिठ्ठी मात्र झाकली पाहिजे! मी काउंटरवर पाहिजे ना यांना? ठीक आहे. फ्रिज येईपर्यंत मी काउंटरवर उभी राहणार नाही."

"दुकान बंद ठेवायचं?"

"दुकान कशाला बंद? गावाने काय घोडं मारलंय? तू आहेस ना फार्मासिस्ट. जो चिठ्ठी देईल त्याला औषध द्यायचं, एक शब्द न बोलता. मी मागे बसते."

आणि ती खरंच मागच्या खोलीत पडद्याआड प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसली. येणारा माल तपासायची, जमाखर्च बघायची, पण पुढे यायची नाही. गावची माणसं आली, औषध घेऊन गेली, कोणाचं काही अडलं नाही. अडलं ते औषधवाल्यांचं.

गुरुवारी सदा आला. काउंटरवर इनशा.

"मॅडम नाहीत?"

"मागे आहेत, काका. द्या ना चिठ्ठी."

सदाची मुलगी इनशाबरोबर रोज फोनवर तासभर बोलायची. सदाने खिशातला हात खिशातच ठेवला. "मॅडम पुढे कधी येणार?"

"चौलला फ्रिज आला की."

सदाने टूथपेस्ट घेतली आणि गेला. शुक्रवारी पियूषभाई येऊन टूथपेस्ट घेऊन गेले, शनिवारी आणखी चौघं. रविवारी दुकानातली टूथपेस्ट संपली, तेव्हा एकाने नाइलाजाने लहान मुलांचे लंगोट नेले. त्याचा धाकटा मुलगा इंजिनिअरिंगला होता.

पडद्याआड फिरोजाला मजा वाटत होती असं समजू नका. सोमवारी सदा पुन्हा आला, तो स्कूटरवर तिरका बसून, चेहरा वेडावाकडा करत.  फिरोजा उठलीच होती, पण इनशाने येऊन तिचा हात धरला.

"बस, फुफी. मी देते म्हणतेय, ते घेत नाहीत."

"त्याला त्रास होतोय गं."

"सोनाबाईला नव्हता झाला?"

फिरोजा खाली बसली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

बुधवारी सकाळी मोकलशेठ आले. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मोकलशेठ सरळ काउंटरला भिडले, चिठ्ठी उघडून इनशापुढे ठेवली आणि सभेत बोलावं तशा आवाजात म्हणाले, "माझ्या गोळ्या दे, पोरी. भाषणाच्या आधी हातपाय कापतात, त्याच्या."

तिन्ही गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघत राहिली. इनशाने एक शब्द न बोलता गोळ्या पिशवीत घालून दिल्या. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मोकलशेठनी पिशवी खिशात घातली. "हसवाऱ्यांचीच हायस," ते म्हणाले आणि पडदा सारून आत गेले.

आत गेल्यावर त्यांनी फिरोजाच्या हातात कागद दिला. काल खास सभा झाली होती. फ्रिज घ्यायचा ठराव होता, जागा चौल, सूर्याची बॅटरी, सहल रद्द. खाली चाळीस सह्या. सदाची सही तर इतकी दाबून केलेली की कागद फाटला होता.

"तुमची एक राहिली," मोकलशेठ म्हणाले.

फिरोजाने चष्मा पुसला आणि कागद दोनदा वाचला.  मग ती म्हणाली, "मोकलशेठ, मला दोन मतं पडली. एक माझं. दुसरं कोणाचं ते तुमच्या कानावर आलंय का?"

मोकलशेठ औषधाच्या खोक्यावर टेकले. त्यांनी मिशी कुरवाळली.

"माझा."

"तुमचं? अहो, मग ते भाषण? मला धुऊन काढलंत त्या दिवशी!"

"गोळी तुम्हीच दिलीत, मॅडम. ती लागू पडली, त्याला मी काय करू?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "बारा वर्षं झाली. एक सभा संपली की दुसऱ्या सभेची भीती सुरू. तुमचा अर्ज आला तेव्हा मी घरी देवापुढे नारळ फोडला. म्हटलं, ही बाई निवडून येणार, मी सुटणार. वर फ्रिजचं काम पण होईल. मत तुम्हाला टाकलं आणि मोकळा श्वास घेतला. आणि या हरामखोरांनी मला आणखी तीन वर्षं बसवला!"

 फिरोजाला हसू फुटलं. ती ओढणी तोंडावर धरून हसली, हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मोकलशेठचेही खांदे हलायला लागले. बाहेर इनशाला वाटलं, आत्याला काहीतरी झालं. तिने पडदा बाजूला करून आत डोकं घातलं आणि परत गेली.

फिरोजाने सही केली. मोकलशेठनी कागद हातात घेतला, पण उठेनात.

"आता याचं उद्घाटन आलं," ते म्हणाले. "आमदारांना बोलवा म्हणतायत. मांडव म्हणतायत. म्हणजे अध्यक्षांचं भाषण." त्यांचे हात आत्ताच कापायला लागले होते.

"कसलं उद्घाटन?" फिरोजा म्हणाली. "टेंपोतून फ्रिज उतरवायचा, वायर जोडायची, सोनाबाईच्या हातून बटन दाबून घ्यायचं आणि आपापल्या दुकानात जायचं."

"हारतुरे?"

"नाही."

"माइक?"

"फ्रिजला माइक कशाला लागतो?"

 बारा वर्षांत संघटनेतल्या कोणी मोकलशेठसाठी एवढं केलं नव्हतं. मग त्यांनी तिच्याच हातातलं पेन मागून घेतलं, कागद मांडीवर ठेवला आणि सह्यांच्या खाली स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहिली: ठराव दुसरा, या प्रसंगी अध्यक्ष भाषण करणार नाहीत. त्यावर पहिली सही त्यांनीच केली. ती करताना त्यांचा हात जराही कापला नाही.